विविध भारतीची व्यापारी सेवा : मुंबईपासून कावेरीकाठापर्यंत

प्रसारणसंस्थेचा इतिहास बहुधा तिच्या मुख्यालयातून लिहिला जातो. फिती कापणारे मंत्री, नव्या इमारती, बदलत गेलेले संचालक हे सारे त्यात येते. श्रोता मात्र शेवटच्या परिच्छेदात आभारापुरता येतो. विविध भारतीच्या बाबतीत हा क्रम मला मान्य नाही, कारण ही सेवा श्रोत्यामुळेच जन्माला आली. म्हणून या स्मरणिकेतला हा लेख मुंबईत सुरू न करता मी मुंबईपासून सरळ रेषेत अकराशे किलोमीटर दूर असलेल्या पापनाशमला सुरू करतो.

पापनाशम हे तंजावर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. तंजावरहून कुंभकोणमला जाणाऱ्या लोहमार्गावर ते लागते. एकशेआठ शिवलिंगांच्या देवळासाठी यात्रेकरू तिथे उतरतात. भोवती कावेरीच्या फाट्यांनी भिजलेली भातशेती आहे. मराठी वाचकाला हा मुलुख अगदी परका नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५पर्यंत इथे भोसल्यांचे राज्य होते. सरफोजीराजांच्या दरबारात कर्नाटक संगीताच्या जोडीला पाश्चात्त्य वाद्यांचा बँड वाजत असे, आणि इथल्या मराठी कीर्तनाचा ठसा तमिळ हरिकथेवर आजही ओळखू येतो. वेगवेगळ्या मुलखांतले सूर एकमेकांत मिसळू द्यायचे, ही या मातीची जुनी सवय आहे.

त्या सवयीचे विसाव्या शतकातले सर्वांत मोठे उदाहरण गावाच्या नावानेच ओळखले जाते. पापनाशम शिवन यांचा जन्म १८९०चा, तंजावर जिल्ह्यातल्या पोलगमचा. बालपण त्रावणकोरात गेले. आई गेल्यावर ते भावाकडे पापनाशमला आले आणि त्यांच्या शिवभक्तीमुळे लोक त्यांना या नावाने ओळखू लागले. त्यांच्या तमिळ कृती कर्नाटक संगीताच्या मैफलींत आजही गायल्या जातात. ‘तमिळ त्यागराज’ असा त्यांचा गौरव झाला, १९७२मध्ये पद्मभूषण मिळाले. याच शिवन यांनी एम. के. त्यागराज भागवतरांसाठी चित्रपटगीते लिहिली आणि चाली दिल्या. १९४४चा ‘हरिदास’ मद्रासच्या ब्रॉडवे चित्रगृहात तीन दिवाळ्या पाहून गेला, त्यातली गाणी शिवन यांची होती. शास्त्रीय संगीताचा वाग्गेयकार आणि चित्रपटाचा लोकप्रिय गीतकार एकच माणूस होता, आणि त्यात विसंगती आहे असे इथल्या श्रोत्याला कधी वाटले नाही. पुढे दिल्लीत जे घडले ते समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

रेडिओच्या दृष्टीने पापनाशम नशीबवान गाव होते. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला आकाशवाणीची अवघी सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. १६ मे १९३९ला सुरू झालेले तिरुचिरापल्ली केंद्र पापनाशमपासून सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. मद्रास अडीचशेच्या थोडे पुढे. आणि समुद्रापलीकडचे कोलंबो साडेचारशेच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून आणि ओल्या गाळाच्या जमिनीवरून फार लांब जातात, कोरड्या खडकाळ मुलखावरून तेवढ्या जात नाहीत. पाल्कची सामुद्रधुनी आणि कावेरीचे त्रिभुज खोरे मिळून श्रीलंकेच्या रेडिओसाठी जणू राजरस्ता तयार झाला होता. त्या राजरस्त्यावरूनच आपल्या प्रसारणाला स्पर्धा आली.

आता दिल्लीकडे वळू. १९५२मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेला, काशी विद्यापीठात शिकलेला, पॅरिसहून डॉक्टरेट घेऊन आलेला हा विद्वान मराठी माणूस दहा वर्षे त्या खात्यावर होता. भारतीय संगीताला पोसणारी संस्थाने बुडाल्यावर कलावंतांना आश्रय कोणी द्यायचा, या प्रश्नाला केसकरांनी आकाशवाणी हे उत्तर दिले आणि ते खरे करून दाखवले. जुलै १९५२मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली, वाद्यवृंद उभा राहिला, शेकडो कलावंतांना नियमित काम मिळाले. हे ऋण कोणी नाकारू नये.

पण चित्रपटसंगीताबद्दल त्यांची भूमिका कठोर होती. त्यांच्या लेखी ते उथळ होते, परक्या सुरावटींची उसनवारी करणारे होते. आकाशवाणीवरचा चित्रगीतांचा वेळ कापला गेला. गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून नाव सांगणेही बंद झाले. निर्माते चिडले आणि त्यांनी प्रसारणाचे हक्कच काढून घेतले. वाद मिटेपर्यंत आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळपास नाहीसे झाले. ज्या महाराष्ट्रात नाट्यसंगीताने रागदारी घराघरांत नेली, जिथे सुधीर फडके एकाच हाताने भावगीत आणि चित्रगीत घडवत होते, त्या महाराष्ट्रातल्या मंत्र्याने ही रेघ एवढी जाड ओढावी, याचे मला आजही दुःख होते. लोकप्रिय संगीत आणि चांगले संगीत यांच्यात अशी भिंत नसते. पापनाशम शिवन यांच्यासारखी माणसे ती रोज ओलांडत होती.

श्रोत्याने वाद घातला नाही. त्याने रेडिओचा काटा फिरवला.

तो काटा जिथे थांबला ते रेडिओ सिलोन मुळात युद्धाचे अपत्य. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी कोलंबोजवळ एक ताकदवान लघुलहरी प्रक्षेपक उभारला होता. युद्धानंतर तो सिलोन सरकारच्या हाती आला. शंभर किलोवॅटचे ते यंत्र लहान बेटाच्या गरजेपेक्षा फार मोठे होते. कोलंबो योजनेतून आलेले ऑस्ट्रेलियन प्रसारक क्लिफर्ड डॉड यांच्या नेतृत्वाखाली तिथे व्यापारी सेवा उभी राहिली आणि तिचा रोख सरळ भारताकडे वळवण्यात आला. गाणी हिंदी चित्रपटांची, जाहिराती मुंबईच्या बाजारपेठेसाठी, प्रक्षेपक मात्र सिलोनचा.

३ डिसेंबर १९५२ला ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ती कोलंबोत तयार होत नव्हती, मुंबईत ध्वनिमुद्रित होत होती. जाहिरात टूथपेस्टची, प्रायोजक सीबा कंपनी, निवेदक विशीतले अमीन सयानी. फिती विमानाने कोलंबोला जात आणि बुधवारी संध्याकाळी तेच आवाज समुद्र ओलांडून परत मुंबईत, पुण्यात, नागपुरात, खेड्यापाड्यांत येत. पहिल्याच कार्यक्रमानंतर नऊ हजार पत्रे आली, असे सयानी मुलाखतींमध्ये सांगत असत. सुरुवातीला सात गाणी क्रमवारीविना लागत, नंतर लोकप्रियतेची पायरी आली आणि पहिल्या पायरीवर कोणते गाणे येणार यावर कॉलेजच्या कट्ट्यांपासून गिरणीच्या फाटकापर्यंत पैजा लागू लागल्या. सिलोनवर रोज सकाळी आठच्या ठोक्याआधी सैगलचे एक गाणे लागत असे. त्यावर घड्याळ लावणारी घरे महाराष्ट्रात होती.

तमिळ मुलखात सिलोनचा परिणाम याहून खोल होता, कारण तिथे ते केंद्र परभाषेतून बोलत नव्हते. जाफना आणि कोलंबोचे तमिळ निवेदक शुद्ध, सुरेल तमिळ बोलत. एस. पी. मयिलवाहनन हे नाव दक्षिण भारतात चित्रपट नटाइतके परिचित झाले. त्यांच्यानंतर के. एस. राजा आणि बी. एच. अब्दुल हमीद यांनी पुढच्या पिढ्यांवर राज्य केले. मध्यम लहरींवर येणारा हा आवाज कावेरी खोऱ्यात स्थानिक केंद्रासारखा स्वच्छ ऐकू येई. श्रोत्याचे नाव आणि गाव वाचून त्याच्या पसंतीचे गाणे लावायचे, हा नेयर विरुप्पम म्हणजे श्रोत्याच्या फर्माईशीचा प्रकार तिथे घरोघरी पोहोचला. तंजावर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्याचे नाव परदेशातल्या रेडिओवर उच्चारले जावे, याचे त्या काळी केवढे अप्रूप असेल.

पश्चिम किनाऱ्यावर असाच एक छोटा स्पर्धक होता. पोर्तुगीज गोव्यातल्या एमिसोरा द गोवा या केंद्रावर हिंदी चित्रगीते लागत आणि ती कोकणात व मुंबईत ऐकली जात. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला आणि तो अध्याय संपला. सिलोनचा अध्याय मात्र एवढ्या सहज संपणारा नव्हता. श्रोते भारतातले, गाणी भारतातली, आणि जाहिरातीचा पैसा मात्र कोलंबोला जात होता.

विविध भारतीचा जन्म या परिस्थितीतून झाला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘आकाशवाणीचा पंचरंगी कार्यक्रम’ या ओळखीने ती सुरू झाली, तेव्हा मंत्री केसकरच होते. बदललेले वारे त्यांनाही मान्य करावे लागले, आणि मान्य केल्यावर त्यांच्या खात्याने काम अर्धवट केले नाही, हेही नोंदवले पाहिजे. योजनेची सूत्रे कवी पंडित नरेंद्र शर्मा यांच्याकडे होती. सेवेचे नाव त्यांचे, पहिले गीतही त्यांचे. ‘नाच रे मयूरा’ या गीताला अनिल विश्वास यांनी चाल दिली आणि मन्ना डे यांनी ते गायले. चित्रपटाबाहेरचे, पण चित्रपटाच्या जगातल्या सर्वोत्तम माणसांकडून घडवलेले हे गीत म्हणजे शर्मांचे धोरण होते. सिलोनची नक्कल करायची नाही, लोकप्रिय संगीतालाच जरा सुसंस्कृत घर द्यायचे.

मुंबई आणि मद्रास इथल्या लघुलहरी प्रक्षेपकांवरून ही सेवा देशभर पसरली. मद्रासचा प्रक्षेपक वापरल्यामुळे कावेरीकाठ पहिल्या दिवसापासून तिच्या कक्षेत होता. दक्षिणी भाषांतल्या चित्रगीतांनाही तिने वेळ दिला. सैनिकांच्या फर्माईशीचा ‘जयमाला’, छोट्या नाटुकल्यांचा ‘हवामहल’, रात्रीचे ‘छायागीत’, सकाळचे ‘भूले बिसरे गीत’ या नावांनी लोकांचा दिवस बांधला गेला. झुमरीतलैया हे गाव तर अख्ख्या देशाला फर्माईशीच्या पत्रांमुळेच माहीत झाले. आज समाजमाध्यमांवर जे घडते त्याची पहिली आवृत्ती पोस्टकार्डावर लिहिली जात होती, आणि तिच्यात मला आजच्यापेक्षा जास्त सभ्यता दिसते.

तरीही दहा वर्षे विविध भारतीवर जाहिरात नव्हती. सरकारी प्रसारण आणि धंदा यांचा संबंध नको, हा संकोच मोठा होता. सेवेचा खर्च सरकारचा, आणि उत्पन्न म्हणजे पोस्टात भरायचे रेडिओ परवान्याचे शुल्क. अशोक चंदा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४मध्ये नेमलेल्या समितीने प्रसारणाची सर्वांगीण तपासणी केली आणि १९६६च्या अहवालात दोन मोठ्या शिफारशी केल्या. एक, आकाशवाणीला स्वायत्त महामंडळ करा. दुसरी, व्यापारी प्रसारण सुरू करा. सरकारने दुसरी शिफारस पुढच्याच वर्षी अंमलात आणली. पहिलीसाठी १९९७पर्यंत, प्रसार भारती स्थापन होईपर्यंत, तीस वर्षे थांबावे लागले. पैसा तेवढा घेतला आणि स्वातंत्र्य मात्र दिले नाही, ही त्या काळातली मोठी चूक होती असे मी मानतो. या सेवेची पुढची अनेक दुखणी तिथूनच सुरू झाली.

१ नोव्हेंबर १९६७. मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवरून विविध भारतीची व्यापारी सेवा सुरू झाली. भारतीय सरकारी रेडिओवरची पहिली जाहिरात महाराष्ट्रात वाजली, आणि त्यात योगायोग काहीच नव्हता. जाहिरात संस्थांच्या कचेऱ्या मुंबईत, चित्रपटसृष्टी मुंबईत, ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ मुंबईत, सिलोनसाठी पंधरा वर्षे कार्यक्रम तयार करून हात बसलेली माणसेही मुंबईत. पुण्यात १९५३पासून आणि नागपुरात १९४८पासून आकाशवाणीची केंद्रे होती. तिन्ही शहरांत हिंदी आणि मराठी दोन्ही ऐकणारा श्रोता होता. प्रयोगासाठी याहून योग्य जागा देशात नव्हती.

प्रयोग फळला आणि साखळी वाढू लागली. १९६८मध्ये कलकत्ता आले. १९६९मध्ये दिल्ली आणि मद्रास-तिरुचिरापल्ली. पुढच्या वर्षी चंडीगड-जालंधर, बंगळूर, धारवाड, अहमदाबाद-राजकोट आणि कानपूर-लखनौ-अलाहाबाद, त्यानंतर हैदराबाद-विजयवाडा. मराठी वाचकाने या यादीतल्या धारवाडापाशी क्षणभर थांबावे. सीमाभागातल्या मराठी घरांत धारवाडची ही सेवा मुंबईच्या बरोबरीने ऐकली गेली. आणि तिरुचिरापल्लीपाशी थांबावे, कारण मुंबई-पुणे-नागपुरानंतर दोनच वर्षांच्या आत पापनाशमच्या शेजारच्या केंद्रावर तमिळमधून साबणाची, चहाची, डोकेदुखीच्या गोळीची जाहिरात ऐकू येऊ लागली. तिथे या सेवेला वर्त्तग ओलिपरप्पु म्हणतात, म्हणजे आपली व्यापारी प्रसारण सेवा. ‘तेन किण्णम्’ हा तमिळ चित्रगीतांचा कार्यक्रम त्या नावासोबत लोकांच्या जिभेवर बसला.

सेवेचे नियम साधे होते आणि ते पाळले जात. जाहिराती एकूण वेळेच्या एका ठरावीक मर्यादेतच घ्यायच्या. सात सेकंदांपासून तीस सेकंदांपर्यंतचे तुकडे, कोणत्याही भाषेत चालतील, पण ध्वनिमुद्रित करूनच द्यायचे. दारू आणि तंबाखूला मज्जाव. मे १९७०पासून प्रायोजित कार्यक्रमांना परवानगी मिळाली आणि मग खरी रंगत आली. हमीद सयानींनी रुजवलेली आणि त्यांच्यानंतर अमीन सयानींनी पुढे नेलेली ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ रविवारची दुपार धरून बसली. तळेगावच्या थर्मास कंपनीने प्रायोजित केलेल्या ‘इन्स्पेक्टर ईगल’ने मुलांना रेडिओभोवती जमवले. तीस सेकंदांत सांगायची गोष्ट गाण्यात सांगण्याची कला इथेच वाढली. वनराज भाटियांसारख्या व्यासंगी संगीतकाराने जिंगलला हात लावला आणि ती हलकी चीज राहिली नाही. १९७५मध्ये निरमाची जिंगल आधी रेडिओवर आली, दूरचित्रवाणीवर ती नंतर गेली, हे आज अनेकांच्या लक्षात नसते.

या साखळीची अंतर्गत यंत्रणा फारशी सांगितली जात नाही, पण कौतुकाची खरी जागा तीच आहे. उपग्रह येण्याआधी कार्यक्रम मध्यवर्ती ठिकाणी ध्वनिमुद्रित होत, त्यांच्या स्पूलवर प्रती काढल्या जात आणि त्या डब्यांतून केंद्राकेंद्राला रवाना होत. प्रसारणाची तारीख लक्षात घेऊन कितीतरी आधी फीत निघाली पाहिजे, परत आली पाहिजे, पुसून पुन्हा वापरली गेली पाहिजे. एका बाजूला देशभर सारखा लागणारा ‘हवामहल’, दुसऱ्या बाजूला प्रत्येक केंद्राची आपली भाषा, आपली गाणी, आपल्या बाजारपेठेच्या जाहिराती. तिरुचिरापल्लीत तमिळ, धारवाडात कन्नड, पुण्यात मराठी. मध्यवर्ती आणि स्थानिक यांचा हा मेळ नियमावलीने आपोआप साधला जात नाही. रात्रपाळीचे अभियंते, जाहिरातीच्या तुकड्यांची सेकंदावर नोंद ठेवणारे कारकून, ध्वनिफितींची कपाटे सांभाळणारे ग्रंथपाल यांनी तो रोज घडवला. त्यांची नावे कधी पुढे आली नाहीत. संस्थेच्या इतिहासात त्यांना निवेदकांच्या बरोबरीचे स्थान मिळाले पाहिजे.

व्यापारी सेवेमुळे मराठी गाण्याचे काय झाले? मुंबई केंद्राच्या प्राथमिक वाहिनीवर ‘आपली आवड’ होतीच, पुण्याने १९५५मध्ये ‘गीतरामायण’ देऊन रेडिओ काय करू शकतो हे आधीच दाखवले होते. विविध भारतीच्या महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मराठी गीतांना ठरलेल्या वेळा मिळाल्या आणि हिंदी गाण्यासाठी लावलेल्या रेडिओवर ओघाने मराठी भावगीतही कानावर पडू लागले. हा फायदा मोलाचा होता. पण हिंदीचा वाटा नेहमीच मोठा राहिला, आणि तो का मोठा राहिला हे जाहिरातदारांच्या हिशेबाच्या वह्यांत शोधावे लागेल. तिरुचिरापल्लीत तसे झाले नाही. तिथल्या व्यापारी सेवेने तमिळ चित्रगीताला मध्यभागी ठेवले. १९७६मध्ये ‘अन्नक्किळि’ या पहिल्याच चित्रपटातून संगीतकार इळैयराजा आले आणि तमिळ खेड्याचा नाद चित्रगीतात उतरला, तेव्हा तो सर्वदूर पोहोचवायला सिलोन आणि आकाशवाणीची व्यापारी सेवा अशा दोन समर्थ वाहिन्या तयार होत्या. स्पर्धेचा लाभ गाण्याला झाला.

सिलोनशी सुरू असलेली ती लांबलचक शर्यत अखेर संपली ती १९८०च्या दशकात. श्रीलंकेतल्या यादवीने तिथल्या तमिळ प्रसारणावर काळी छाया पडली. भारतात दूरचित्रवाणी आली, कॅसेट आली, रेडिओ परवाना रद्द झाला. १९८९मध्ये सीबाका हे नवे नाव घेतलेली गीतमाला कोलंबो सोडून विविध भारतीवर दाखल झाली. केसकरांच्या काळात समुद्र ओलांडून गेलेला कार्यक्रम सदतीस वर्षांनी घरी परतला. पण एव्हाना घरातल्या माणसांचे लक्ष दुसरीकडे गेले होते. संध्याकाळी रेडिओच्या जागी दूरदर्शन होते.

रेडिओला पुन्हा उठवले ते एफएमने. देशातली पहिली एफएम सेवा २३ जुलै १९७७ला मद्रासमध्ये सुरू झाली होती, पण तिचे खरे दिवस १९९३नंतर आले. त्या वर्षी आकाशवाणीने मुंबई-दिल्लीच्या एफएम वाहिनीवरचे तास खाजगी कंपन्यांना विकायला सुरुवात केली. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला आणि सरकारी मक्तेदारीचा पाया हलला. जुलै २००१मध्ये बंगळूरला रेडिओ सिटी, ऑक्टोबरमध्ये इंदूरला रेडिओ मिर्ची, पुढच्या वर्षी मुंबईत एकापाठोपाठ खाजगी केंद्रे. पहिल्या टप्प्यातले परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत जाणारे होते, काहींना ते पेलले नाही. २००५च्या धोरणाने त्याऐवजी उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा ठरवला आणि मग खाजगी साखळ्या जिल्ह्याच्या शहरांपर्यंत पसरल्या. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाशिक या शहरांत नवे आवाज आले. बातम्या देण्याची मुभा मात्र त्यांना आजही नाही, आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा लावता येतात. या निर्बंधाने खाजगी रेडिओला गाण्याशिवाय पर्यायच ठेवला नाही. त्याच्या उथळपणाबद्दल तक्रार करताना हे विसरू नये.

या नव्या साखळ्यांनी एक गोष्ट मराठी माणसाच्या मनाला लागेल अशी केली. मुंबईत, महाराष्ट्राच्या राजधानीत, दिवसभर गाणी लावणाऱ्या वाहिन्यांवर मराठी गाणे शोधावे लागे. मराठी गाणे लावले तर श्रोता वाहिनी बदलतो, असा त्यांचा समज होता. चेन्नईत किंवा तिरुचिरापल्लीत त्याच मालकीच्या किंवा त्याच धर्तीच्या वाहिन्या दिवसभर तमिळ लावतात आणि त्यांचा धंदा उत्तम चालतो. सूर्यन एफएम, हॅलो एफएम यांनी तमिळ गाण्याच्या बळावर तमिळनाडूभर जाळे विणले. आमच्याकडे ‘पुढारी’च्या टोमॅटो एफएमने कोल्हापुरात मराठीवर भर देऊन दाखवला, पण तो अपवाद ठरला. यात जाहिरातदारांचा दोष आहे तसा आपलाही आहे. तमिळ श्रोता पन्नास वर्षे पोस्टकार्डे लिहून आपल्या भाषेतले गाणे मागत राहिला. आपण हिंदी गाण्याची फर्माईश पाठवून समाधानी राहिलो.

आज पापनाशममध्ये रेडिओ लावला तर पश्चिमेला तिरुचिरापल्ली आणि पूर्वेला कारैक्काल ही केंद्रे आहेत, दोन्ही जवळपास सारख्याच अंतरावर, साठ किलोमीटरच्या आसपास. एफएमच्या लहरी नजरेच्या टप्प्यापलीकडे फारशा जात नाहीत, त्यामुळे हे गाव दोन्ही कक्षांच्या काठावर येते. सपाट खोऱ्यात मधे डोंगर नाही, ही त्याची जमेची बाजू. कोडैकानलच्या डोंगरमाथ्यावरून आकाशवाणीची १००.५ मेगाहर्ट्झची वाहिनी उंचीच्या बळावर तमिळनाडूच्या फार मोठ्या भागात ऐकू जाते. खाजगी वाहिन्यांचा जोर मात्र मोठ्या शहरांच्या परिघात आहे. जाहिरातीवर चालणारा रेडिओ जिथे गिऱ्हाईक दाट तिथे जातो, आणि पापनाशमसारख्या तालुक्याच्या गावाचा विचार त्याच्या हिशेबात उशिरा होतो. १९६९मध्ये सरकारी व्यापारी सेवेने कलकत्ता आणि दिल्लीपाठोपाठ तिरुचिरापल्लीची निवड केली होती, ही गोष्ट म्हणूनच मला फार मोठी वाटते.

विविध भारतीचे कार्यक्रम आता बोरिवलीच्या स्टुडिओतून उपग्रहाद्वारे देशभर जातात, स्पूलचे डबे रेल्वेने पाठवण्याची गरज उरलेली नाही. मोबाइलवरच्या अ‍ॅपमुळे ती न्यू जर्सीतल्या मराठी घरातही लागते. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांमध्ये ७३० खाजगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मान्यता दिली, आणि स्थानिक भाषेतल्या आशयाला त्यातून चालना मिळावी हा हेतू जाहीर केला. या लिलावातून महाराष्ट्राच्या तालुक्या-जिल्ह्यांत ज्या वाहिन्या येतील त्यांच्याकडे मराठी गाण्याची मागणी पहिल्या महिन्यापासून, लेखी आणि सातत्याने गेली पाहिजे. विविध भारतीच्या पुणे, नागपूर आणि मुंबई केंद्रांच्या कपाटांत ज्या मराठी ध्वनिफिती अजून शिल्लक आहेत त्यांचे संपूर्ण अंकीकरण व्हावे आणि त्या श्रोत्यांना खुल्या व्हाव्यात, ही मागणीही प्रसार भारतीकडे याच स्मरणिकेच्या निमित्ताने पाठवावी, असे मी संपादक मंडळाला सुचवतो.